प्रस्तावनेतील नावे : अरबी–इंग्रजी विद्याव्यासंगाचा एक इतिहास

लंडनचे कापडव्यापारी टॉमस ॲडम्स यांनी १६३२ साली दिलेल्या पैशातून केंब्रिज विद्यापीठात अरबीचे अध्यापकपद सुरू झाले आणि तेथील ग्रंथपाल अब्राहम व्हीलॉक यांची त्यावर नेमणूक झाली. चार वर्षांनी कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांनी ऑक्सफर्डमध्येही असेच पद निर्माण केले आणि ते एडवर्ड पोकॉक यांना मिळाले. इंग्लंडमध्ये अरबी शिकवणे हा विद्यापीठाच्या वेतनावर करता येण्याजोगा व्यवसाय झाला तो या दोन घटनांमुळे. केंब्रिजच्या धुरीणांनी ॲडम्स यांना पाठवलेल्या पत्रात या अध्ययनाचे तीन लाभ नमूद केलेले आढळतात : अरबी ग्रंथांत बंदिस्त असलेले ज्ञान उजेडात येईल, पूर्वेकडील राष्ट्रांशी चाललेल्या व्यापारात राज्याला साहाय्य होईल आणि ईश्वराच्या मनात असेल तेव्हा ख्रिस्ती धर्माच्या सीमा विस्तारतील. पुढील साडेतीनशे वर्षांत या व्यासंगाला व्यापारी, धर्मोपदेशक, उमराव, सरकारे आणि तेलकंपन्या असे नाना प्रकारचे आश्रयदाते मिळाले, आणि अरबीचे कोणते रूप शिकण्याजोगे मानायचे याचा निर्णय बहुतेक वेळा त्यांच्या गरजेनुसार झाला.

पोकॉक यांचे अरबीचे शिक्षण मात्र ऑक्सफर्डमध्ये पुरे झालेले नव्हते. लेव्हंट कंपनी या व्यापारी मंडळीच्या वखारीचे पाद्री म्हणून ते १६३० पासून सुमारे सहा वर्षे सीरियातील अलेप्पो शहरी राहिले होते, आणि तेथील मुसलमान विद्वानांकडून त्यांनी भाषा व ग्रंथपरंपरा दोन्ही आत्मसात केल्या. दरवेश अहमद नावाचा त्यांचा एक साहाय्यक पोकॉक इंग्लंडला परतल्यावरही त्यांच्यासाठी हस्तलिखिते मिळवत आणि नकलून पाठवत राहिला. त्याची पत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात शिल्लक आहेत, म्हणूनच त्याचे नाव आज ठाऊक आहे. या विद्याशाखेच्या इतिहासात पुढे वारंवार दिसणारी श्रमविभागणी येथेच पाहायला मिळते. भाषा ज्याची असे तो साक्षीदार ठरे आणि ज्याच्या हाती पद असे तो न्यायाधीश. पहिल्याचे नाव फार तर प्रस्तावनेत येई, दुसऱ्याचे मुखपृष्ठावर.

या काळात अरबी आणि इंग्रजी यांची थेट जोडी अद्याप जुळलेलीच नव्हती, कारण दोहोंच्या मध्ये लॅटिन उभी होती. लायडन येथे १६५३ साली प्रसिद्ध झालेला याकोबुस गोलियुस यांचा अरबी–लॅटिन कोश हाच युरोपातील अभ्यासकांचा दीर्घकाळ मुख्य आधार होता. इब्न तुफैल यांच्या एका तत्त्वचिंतनात्मक कथेचा पोकॉक यांच्या मुलाने केलेला अनुवाद १६७१ मध्ये आला तोही लॅटिनमध्येच, आणि सायमन ऑक्ली यांनी ती कथा मूळ अरबीवरून इंग्रजीत आणेपर्यंत १७०८ साल उजाडले. जॉर्ज सेल यांनी १७३४ मध्ये कुराणाचे इंग्रजी भाषांतर केले, पण त्यांनाही मार्राच्ची या इटालियन पाद्र्याच्या लॅटिन भाषांतराचा मोठा आधार घ्यावा लागला होता.

लॅटिनची ही मध्यस्थी सुटण्यास हिंदुस्थानातील राज्यकारभाराचा बराच हातभार लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना दरबारी फारसी येणे आवश्यक होते आणि फारसीतील कायदा, महसूल व न्याय यांची परिभाषा बव्हंशी अरबी होती. त्यामुळे जॉन रिचर्डसन यांनी १७७७ मध्ये छापण्यास घेतलेल्या कोशात फारसी, अरबी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकत्र आल्या, आणि १८१३ मध्ये मॅथ्यू लम्सडेन यांचे अरबी व्याकरण प्रसिद्ध झाले ते कलकत्त्यास. हीच परिभाषा फारसीच्या वाटेने मराठी दप्तरांतही इतकी मुरली होती की शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून तिला संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न करावा लागला. तरीही वकील, हक्क, तारीख, मजकूर हे शब्द मराठीतून हलले नाहीत ते नाहीतच.

अरबी कोशरचनेचे तत्त्व समजून घेण्यासही असे मराठीत रुळलेले शब्द पुरतात. अरबीतील बहुसंख्य शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात, आणि त्या व्यंजनांमधले व भोवतालचे स्वर व प्रत्यय बदलले की अर्थ बदलतो. हुकूम, हाकीम, हुकूमत आणि हिकमत हे चार शब्द मराठी माणसाला एकमेकांपासून सुटे वाटले तरी अरबीत ते ‘ह-क-म’ या एकाच धातूचे आहेत आणि धातुक्रमाने लावलेल्या कोशात एकाच ठिकाणी सापडतात. याचा परिणाम असा की असा कोश वापरण्यापूर्वी वाचकाला शब्द फोडून त्याचा धातू ओळखावा लागतो, म्हणजे कोश उघडण्याआधीच थोडेबहुत व्याकरण यावे लागते.

अशा कोशांपैकी सर्वांत मोठा मान ज्या ग्रंथाला मिळाला तो एडवर्ड विल्यम लेन यांचा अरबी–इंग्रजी कोश होय. पेशाने ताम्रपटावर चित्रे कोरणारे लेन १८२५ मध्ये प्रथम इजिप्तला गेले. कैरोतील लोकजीवनाचे बारकाईने वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १८३६ मध्ये गाजला, त्यानंतर त्यांनी अरबी रजनीच्या कथांचे भाषांतर केले आणि लॉर्ड प्रडो, म्हणजे नंतरचे नॉर्दम्बरलंडचे ड्यूक, यांच्या अर्थसाहाय्याने १८४२ ते १८४९ अशी सात वर्षे ते कोशासाठी पुन्हा कैरोत राहिले. त्यांचा मुख्य आधार होता ‘ताज अल्-अरूस’ हा अठराव्या शतकातील प्रचंड अरबी–अरबी कोश. त्याचे कर्ते मुर्तझा अल्-झबीदी यांचा जन्म १७३२ मध्ये अवधमधील बिलग्राम येथे झाला होता, त्यांनी विद्या येमेनमध्ये मिळवली आणि ग्रंथ कैरोत पुरा केला. इंग्रजीतील सर्वांत थोर अरबी कोशाचा पाया एका हिंदुस्थानात जन्मलेल्या पंडिताच्या ग्रंथावर उभा आहे, ही गोष्ट हिंदुस्थानातही फारशी सांगितली जात नाही.

त्या ग्रंथाची संपूर्ण प्रत त्या वेळी छापील स्वरूपात उपलब्ध नव्हती. कैरोतील निरनिराळ्या हस्तलिखितांवरून ती नकलून घेणे, पाठभेद तपासणे आणि दुर्बोध जागांचा अर्थ लावणे हे काम शेख इब्राहीम अद्-दसूकी यांनी केले. हे गृहस्थ बुलाक येथील सरकारी छापखान्यात ग्रंथशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वी पाठ शुद्ध करण्याचे, काम करीत. लेन इंग्लंडला परतल्यावरही नकलण्याचे काम कैरोत चालूच राहिले. कोशाचे पाच भाग १८६३ ते १८७४ या काळात निघाले, १८७६ मध्ये लेन वारले आणि उरलेले तीन भाग त्यांचे नातेवाईक स्टॅन्ली लेन-पूल यांनी १८९३ पर्यंत प्रसिद्ध केले. या शेवटच्या भागांतील पुष्कळ नोंदी टिपणांवरून जुळवलेल्या असल्यामुळे त्रोटक आहेत. दसूकी यांनी लेन यांच्यासोबत केलेल्या कामाची हकीकत स्वतः लिहिली आणि ती इजिप्शियन लेखक अली मुबारक यांच्या इजिप्तवर्णनपर बृहद्ग्रंथात समाविष्ट झाली. याच अली मुबारकांनी १८८२ मध्ये लिहिलेल्या कथाग्रंथाचा विषयही असाच आहे : एक अझहरी, म्हणजे कैरोच्या अल्-अझहर विद्यापीठाचा, शेख आणि अरबी कोशकार्यात गढलेला एक इंग्रज पंडित यांचा एकत्र प्रवास.

ज्या लेननी कैरोच्या गल्लीबोळांतील बोलणे कान देऊन ऐकले आणि आपल्या पहिल्या ग्रंथात नोंदवले, त्यांच्या कोशात त्या बोलण्याला स्थान नाही. मध्ययुगीन कोशकारांनी ज्यावर शिक्कामोर्तब केले तेवढीच अरबी त्यांनी ग्राह्य धरली. त्यांच्या आधी १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश शेजारी ठेवला की फरक लगेच लक्षात येतो. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंच्या हाताखाली काम करणाऱ्या शास्त्रीमंडळींनी प्रांतिक, कोकणी आणि गावंढळ म्हणून हिणवलेले शब्दही गोळा केले, कारण कंपनीच्या अधिकाऱ्यांना रयतेचे बोलणे समजणे गरजेचे होते. लेन यांच्या आश्रयदात्याला कैरोतील रयतेशी काहीच व्यवहार करायचा नव्हता. अर्थात कारण केवळ पैशाचे नव्हते. ग्रंथिक अरबीला, म्हणजे फुस्हाला, कुराणामुळे जे पावित्र्य लाभले आहे तसे कोणत्याही मराठी ग्रंथामुळे प्रमाण मराठीला कधी लाभलेले नाही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठून न्यायाधीशालाच जाब विचारणारा पहिला ठळक अरब लेखक म्हणजे अहमद फारिस अश्-शिदयाक. लेबनॉनच्या मरोनी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले आणि पुढे इस्लाम स्वीकारलेले शिदयाक १८४८ पासून इंग्लंडमध्ये सॅम्युएल ली या केंब्रिजच्या प्राध्यापकांबरोबर बायबलच्या अरबी भाषांतराचे काम करीत होते. इंग्लंडमध्ये विद्यापीठीय पद मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. त्यांनी १८५५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेल्या ‘अस्-साक अला अस्-साक’ या विलक्षण ग्रंथाच्या शेवटी पॅरिसमधील अरबीच्या नामवंत अध्यापकांनी छापलेल्या पुस्तकांतील चुकांची कोष्टकवार यादीच जोडली आहे. परिशिष्ट म्हणून छापलेला इतका बोचरा सूड वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. इंग्रज विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक अरबी व्याकरणही इंग्रजीत लिहिले, ते १८५६ मध्ये लंडनला निघाले. पण त्यांची खरी कारकीर्द पुढे इस्तंबूलमध्ये, १८६१ मध्ये सुरू केलेल्या ‘अल्-जवाइब’ या वृत्तपत्राचे संपादक म्हणून घडली.

अरब देशांत भाषांतराला संस्थेचे रूप याच शतकात आले. पॅरिसमध्ये पाच वर्षे राहून परतलेल्या रिफाआ अत्-तहतावी यांच्या पुढाकाराने १८३५ मध्ये कैरोत भाषांतरकार घडवणारी ‘अल्-अल्सुन’, म्हणजे ‘भाषा’, ही शाळा सुरू झाली. तिचा मुख्य भर फ्रेंचवर होता आणि शतकाच्या मध्यास राज्यकर्ता बदलताच ती बंद पडली, तरी तिचे नाव आज ऐन शम्स विद्यापीठाच्या भाषाविद्याशाखेच्या रूपाने टिकून आहे. बैरूतमध्ये अमेरिकन मिशनरी एली स्मिथ आणि त्यांच्या मृत्यूनंतर कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांनी बायबलचे जे अरबी भाषांतर १८६५ मध्ये पूर्ण छापून आणले, त्यासाठी बुत्रुस अल्-बुस्तानी आणि नासिफ अल्-याझिजी या दोन थोर अरबी पंडितांचे श्रम खर्ची पडले. ते भाषांतर आजही व्हॅन डाइक यांच्याच नावाने ओळखले जाते.

इंग्रजांनी १८८२ मध्ये इजिप्तचा ताबा घेतल्यावर अरबीच्या बोलरूपाकडे इंग्रजी अभ्यासकांचे लक्ष वळले, पण ते अशा रीतीने की पुढील अर्धशतकभर त्या विषयाला डाग लागला. पाटबंधाऱ्यांचे अभियंते विल्यम विल्कॉक्स यांनी १८९३ मध्ये जाहीर व्याख्यानात असे प्रतिपादन केले की इजिप्शियनांची संशोधक बुद्धी खुंटली आहे ती ग्रंथिक भाषेच्या ओझ्याखाली. कैरोच्या न्यायालयातील न्यायाधीश सेल्डन विलमोर यांनी १९०१ मध्ये इजिप्तच्या बोलभाषेचे व्याकरण प्रसिद्ध करताना ती बोली रोमन लिपीत लिहून शिक्षणाची भाषा करावी असे सुचवले. विलमोर यांचे व्याकरण म्हणून केलेले काम परिश्रमपूर्वक केलेले होते, पण परकी सत्तेचा अधिकारी जेव्हा पराजित लोकांना त्यांची धर्मग्रंथाची भाषा सोडण्याचा सल्ला देतो तेव्हा व्याकरण कोण वाचणार? हाफिझ इब्राहीम या कवीने १९०३ मध्ये अरबी भाषेलाच बोलती करून तिच्या तोंडून आपल्या लेकरांविषयीची तक्रार मांडली आणि ती कविता शाळकरी मुलांच्या पाठात गेली. बोलीचा अभ्यास करणारा म्हणजे वसाहतवाद्यांचा हस्तक, ही समजूत तेव्हापासून रुजली.

ती समजूत सैल करणारे विद्वान आले ते अनपेक्षित वाटेने. अली मुबारक यांनी १८७२ च्या सुमारास स्थापन केलेल्या दार अल्-उलूम या संस्थेत पारंपरिक अरबी व्याकरणाचे कसून शिक्षण दिले जाई. तिचे निवडक पदवीधर विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी अध्ययनसंस्थेत जे. आर. फर्थ यांच्या परंपरेतील आधुनिक भाषाविज्ञान शिकण्यास जाऊ लागले. इब्राहीम अनीस आणि तम्माम हस्सान ही त्यांतील प्रमुख नावे. हस्सान यांचा लंडनमधील पहिला प्रबंध वरच्या इजिप्तमधील कर्नाकच्या बोलीवर होता. म्हणजे ज्यांना फुस्हाचे व्याकरण मुखोद्गत होते त्यांनीच आता बोलीचे ध्वनी प्रयोगशाळेत तपासायला घेतले, आणि या अभ्यासकांच्या निष्ठेवर शंका घेणे टीकाकारांना अवघड झाले.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने नवा आश्रयदाता पुढे आणला होता. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये जेरुसलेमला सुरू केलेले अरबी शिक्षणकेंद्र १९४७ मध्ये लेबनॉनमधील शेमलान गावी हलले आणि १९७८ पर्यंत तेथे राजनैतिक अधिकारी, बँकांचे व तेलकंपन्यांचे नोकर अरबी शिकत राहिले. सोव्हिएत हेर ठरलेला जॉर्ज ब्लेक १९६१ मध्ये येथे शिकत असतानाच लंडनला बोलावून पकडला गेला, आणि ‘हेरांची शाळा’ हे स्थानिकांनी दिलेले नाव कायमचे चिकटले. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या बैरूतमधील भाषाशाळेची सूत्रे काही काळ चार्ल्स फर्ग्युसन यांच्याकडे होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास हेच फर्ग्युसन पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञानाच्या उपक्रमातही सहभागी झाले होते. त्यांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा जगभर रूढ झाली. एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे कामे वाटून घेऊन नांदतात, त्यांतील उच्च रूप शाळेत शिकावे लागते आणि ते घरी कोणीच बोलत नाही, अशी ही स्थिती. अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल ही फर्ग्युसन यांची चार उदाहरणे. मराठी वाचक येथे प्रमाणभाषा आणि बोली यांची आठवण काढील, पण ती तुलना अपुरी आहे, कारण प्रमाण मराठी काही घरांत तरी मातृभाषा म्हणून बोलली जाते, फुस्हा मात्र कोणत्याही मुलाच्या कानावर पाळण्यात पडत नाही. ‘आता’ या अर्थी कैरोचे मूल ‘दिलवक्ती’ शिकते, तेही मधला ‘क’ गिळून, आणि ‘अल्-आन’ हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकात भेटतो.

याच काळातील प्रमाण कोशाच्या मागे मात्र एक काळाकुट्ट इतिहास आहे. हान्स वेर यांचा आधुनिक लिखित अरबीचा कोश जर्मनमध्ये १९५२ साली आणि जे. मिल्टन कोवन यांनी संपादित केलेल्या इंग्रजी रूपात १९६१ साली निघाला, आणि इंग्रजी आवृत्तीच्या खर्चात कॉर्नेल विद्यापीठाबरोबर अरेबियन अमेरिकन ऑइल कंपनीचाही वाटा होता. पण त्याचे काम सुरू झाले होते नाझी जर्मनीत, तेथील सरकारला हिटलरच्या आत्मकथेच्या अरबी भाषांतरासाठी असा कोश हवा होता म्हणून. त्या कोशासाठी आधुनिक अरबी लेखनातून शब्द वेचून नोंदी करणाऱ्यांत हेडविग क्लाइन ही हँबुर्गची ज्यू अरबीतज्ज्ञ होती. ज्यू असल्यामुळे तिची डॉक्टरेट अडवून धरण्यात आली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये ती मुंबईला जाणाऱ्या जहाजावर चढलीही होती, पण युद्ध तोंडावर आल्याने जहाज अँटवर्पहून माघारी बोलावले गेले. कोशाच्या कामामुळे तिची रवानगी काही काळ टळली. जुलै १९४२ मध्ये तिला आउश्वित्सला पाठवण्यात आले आणि तेथून ती परतली नाही. पदवी तिला १९४७ मध्ये मरणोत्तर मिळाली. १९५२ च्या प्रस्तावनेत साहाय्यकांमध्ये तिचे नाव आहे, तिचे काय झाले हे नाही.

विद्यापीठीय कारकीर्द म्हणून या सर्व धाग्यांची गाठ ज्यांच्या आयुष्यात पडलेली दिसते ते एल्-सईद बदवी (१९२९–२०१४) दार अल्-उलूमचे पदवीधर आणि लंडन विद्यापीठाचे डॉक्टरेटधारक होते. १९६९ पासून त्यांनी कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवण्याचे काम हाती घेतले. तेथे दोनच वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, अमेरिकन विद्यापीठांतील प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासकेंद्र सुरू झाले होते. फुस्हा शिकून आलेल्या या विद्यार्थ्यांना रस्त्यावरचे बोलणे कळत नसे आणि नभोवाणीवरील चर्चा ऐकताना तर ती कोणत्या अरबीत चालली आहे हेच उमगत नसे, कारण तेथे दोन्ही रूपांची सरमिसळ होई. बदवींनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अरबी पुस्तकात फर्ग्युसन यांची दोन खणांची मांडणी मोडून इजिप्तमधील अरबीचे पाच स्तर दाखवले : परंपरेची फुस्हा, वर्तमानकाळाची फुस्हा, सुसंस्कृतांची बोली, साक्षरांची बोली आणि निरक्षरांची बोली. या स्तरांमध्ये भिंती नाहीत, एकच वक्ता एका बैठकीत दोनतीन स्तर ओलांडतो आणि कोणता शब्द कोठे वापरायचा हे त्याचे भान हाच भाषिक ज्ञानाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्तर पाचच का आणि त्यांच्या सीमा नेमक्या कोठे, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. ते वाद रास्तही आहेत, कारण शिक्षणावरून बोलीची प्रतवारी लावणे म्हणजे समाजाच्या उतरंडीला व्याकरणाचा आधार देण्यासारखे होते. तरीही बोलीला भाषेच्या एकाच नकाशावर जागा मिळाली आणि ती जागा देणारा मनुष्य त्या भाषेत जन्मलेला होता.

केंब्रिजचे इतिहासकार मार्टिन हाइंड्स यांच्याबरोबर बदवींनी तयार केलेला इजिप्शियन अरबीचा अरबी–इंग्रजी कोश १९८६ मध्ये बैरूतला निघाला. बाजार, कारखाना, स्वयंपाकघर आणि शिवीगाळ यांतील शब्द त्यात लेन यांच्याच धातुक्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे एखाद्या भाजीचे नाव शोधण्यासाठीही वाचकाला आधी मूळ व्यंजने काढावी लागतात. मुखपृष्ठावर बदवींचेही नाव आहे. त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ मात्र बोलीचा नाही. कुराणातील शब्दांच्या वापराचा हा अरबी–इंग्रजी कोश त्यांनी लंडनमधील प्राध्यापक मुहम्मद अब्देल हलीम यांच्यासह सिद्ध केला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही कर्ते इजिप्तचे, ग्रंथाची भाषा इंग्रजी आणि प्रकाशक ब्रिल ही लायडनची संस्था. गोलियुस यांचा लॅटिन कोश छापला गेला होता तो याच गावी.